चैत्रातली कातरण

सोलापुरात राहून उन्हाला नावं ठेवलेली तानाबाईला खपत नसत. आता सोलापूरचं ऊन ही काही झाकून राहणारी गोष्ट नव्हे. चैत्र लागला की गिरणीच्या चाळीवरचे पत्रे असे तापत की त्यांच्याखाली बसलेल्या माणसाला आपण तव्यावरची भाकरी आहोत की काय अशी शंका यावी. शेजारची कमलम्मा, तेलुगू विणकराच्या घरची, दारात पाय पसरून पदरानं वारा घेई आणि म्हणे, "तानाबाई, हे ऊन एक दिवस जीव घेणार बघा." झालं! तानाबाई हातातलं काम टाकून बाहेर येई. "ऊन जीव घेत न्हाय, कमलम्मा. ऊन घाम काडतंय आन् सावली दिसली की सोडतंय. जीव घेतंय ते गार वारं. तुला काय म्हाईत!"

कमलम्माला खरंच माहीत नव्हतं. गार वारं तिला भेटायचं ते संक्रांतीच्या सुमाराला, पहाटे नळावर, तेवढंच. बाई मनानं सोनं आहे पण या एका बाबतीत थोडी सरकलेली आहे, असं तिनं ठरवून टाकलं होतं आणि वाद घालायचं सोडून दिलं होतं.

तानाबाईची आणखी एक गोष्ट चाळीला कळली असती तर चाळ पोट धरून हसली असती. नवऱ्यानं शिव्या देऊ नयेत म्हणून चाळीतल्या बायका देवाला साकडं घालत. तानाबाई मात्र वर्षानुवर्षं वाट बघत होती की ज्ञानू, आपला नवरा, एकदा तरी आपल्याला शिव्या देईल. एकदा तरी तोंडावर म्हणेल की तानी, तुझ्यामुळं झालं. मग ती रडली असती, त्याच्या पाया पडली असती, आणि तिच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण ज्ञानूनं तेवढंही केलं नाही. म्हणजे राग किती खोल असेल, असं ती मनाशी म्हणे, आणि पुन्हा भाकरी थापायला बसे.

ज्ञानू काही जन्माचा गिरणीवाला नव्हता. दोघं धनगर, माळशिरसच्या पलीकडच्या एका वाडीतले. तिकडं तेव्हा कालव्याचं पाणी अजून यायचं होतं. काळ्या दगडाचा माळ, बाभळी, तरवड, आणि त्यात मेंढरं. तानाबाईच्या आईनं तिला भीमेच्या काठी एका बाभळीखाली जन्म दिला आणि दुसऱ्या दिवशी कळपामागं चालायला लागली. हे तानाबाई अशा तोऱ्यात सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, ती स्वतःच चालत आली होती. ज्ञानूचं आणि तिचं लग्न झालं तेव्हा तिला त्याच्यापेक्षा त्याची मेंढरंच आधी ओळखू यायला लागली. आणि ज्ञानूला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट कौतुक वाटलं. माणूस हसरा होता. मेंढरांशी तर तो असा गप्पा मारी की वाटसरू थबकून बघत, बोलतोय कुणाशी.

त्यांना मूल एकच, अंबू. अंबूच्या बारशाला आजोबानं एक मेंढी तिच्या नावानं सोडली. त्या घरात ती रीतच होती. मुलीच्या नावची मेंढी कळपातच चरते, पण तिच्या कानाला वेगळी खूण करायची, तिला होतील ती कोकरंही मुलीचीच, आणि त्या कोकरांची कोकरंही. मुलगी नांदायला निघाली की तिची मेंढरं तिच्यामागं जायची. तोवर अडीनडीला बापानंसुद्धा त्यांतलं एक विकायचं नाही. ज्ञानूनं कधी विकलं नाही. अंबूचं लग्न लहानपणीच मोडनिंबकडच्या एका घरात लागलं होतं. आता पोर मोठी झाली होती. दसरा झाला की तिला न्यायला येऊ, असा निरोप आला होता. तिच्या खुणेची मेंढरं आता निम्म्या कळपाएवढी झाली होती आणि त्या सालची कोकरं बहुतेक तिचीच होती.

मुलगी जाताना तिच्या अंगावर जावळाचं घोंगडं असावं अशी तानाबाईची फार हौस. कोकराच्या अंगावरची पहिली लोकर म्हणजे जावळ. हाताला रेशमासारखी लागते, आणि तिचं घोंगडं टोचत नाही. तेही अंबूच्याच कोकरांचं जावळ, आईनं हातानं कातलेलं! तानाबाईच्या आईनं तिला असं दिलेलं नव्हतं, आणि ते तिच्या मनात कुठंतरी राहिलं होतं. आपल्याला मिळालं नाही ते लेकीला मिळावं, यात वाईट काय आहे? काहीच नाही. म्हणून तर पुढं जे झालं त्याचं दुःख सोसवत नाही.

ते एकोणीसशे विसाच्या सालानंतरचं वर्ष. पावसानं दगा दिला होता. पाडव्यापर्यंत माळावर चाऱ्याचं नाव उरलं नाही. दरसाल उन्हाळ्यात ज्ञानू कळप घेऊन भीमेच्या काठानं उतरत जाई. पण यंदा काठावरही धूळच उडत होती. तेवढ्यात वाईचा एक हळदीचा व्यापारी नातेपुत्याच्या बाजारात भेटला. म्हणाला, आमच्याकडं घाटावर पठारं आहेत, गुडघाभर गवत वाळून उभं आहे, खायला कुणी नाही. ज्ञानूनं आयुष्यात घाट चढलेला नव्हता. त्याचा बापही चढलेला नव्हता. पण मेंढरांची पोटं पाठीला लागलेली बघून माणूस कुठंही जायला तयार होतो.

निघायचं ठरलं तशी तानाबाईनं जावळाची गोष्ट काढली. अंबू तेव्हा मामाकडं गेली होती. दोघंच वाघरीजवळ बसली होती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ.

"कातरून मग निगू," तानाबाई म्हणाली.

"आगं, कोकरं लहान हायती," ज्ञानू म्हणाला. "आन् मुलूख कसला हाय, काय हाय, आपल्याला ठावं न्हाय. अंगावर लोकर असूंदे की."

"वैशाकात लोकर कशाला लागती? उनानं धापा टाकाय लागल्यात बगा. दसऱ्याच्या कातरणीपतोर थांबलं तर घोंगडं कवा व्हनार? पोर काय उगड्या अंगानं नांदाया धाडू?"

"पुढच्या साली दिऊ घोंगडं. कुटं पळून जातंय?"

"पुढच्या साली!" तानाबाई उसळली. "तुमच्या घरात माजं कायबी पुढच्याच साली असतं."

ज्ञानू हसला. बायको अशी उसळली की तो नेहमी हसायचा आणि ऐकायचा. त्या दिवशी त्यानं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. पण हसऱ्या नवऱ्याचा हाच तर दोष असतो.

कातरण काही एकट्यादुकट्याचं काम नसतं. भाऊबंद बोलवायचे, त्यांनी आपापल्या कातरी घेऊन यायचं, कळपच्या कळप एका बैठकीत कातरून काढायचा, आणि घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं. नुसत्या कोकरांसाठी कोण कुणाला बोलावतो? म्हणून कोकरांबरोबर मोठी मेंढरंही कातरली. ओढ्याला पाणी नव्हतं, तेव्हा न धुताच. चैत्राच्या त्या उन्हात मेंढरं उघडी झाली आणि टुणटुण उड्या मारायला लागली. तानाबाई म्हणाली, "बगा, कशी खूश झाल्यात!" आणि खरोखरच ती खूश झाली होती. जावळाचं एक पोतं भरलं. ज्ञानूनं बिरोबाचा भंडारा उधळला, म्हाताऱ्या आईला आणि मामाकडून परतलेल्या अंबूला वाडीत ठेवलं, आणि तट्टावर बिऱ्हाड लादून दोघं निघाली.

फलटण गेलं, वाई आली. वाटभर तानाबाई चालता चालता जावळ कातत होती. डाव्या हातात लोकरीचा पेळू, उजव्या हातानं चाती, म्हणजे टकळी, फिरवायची, पाय आपले चालत राहायचे. धनगराच्या बाईला हे श्वास घेण्याइतकं सोपं. सूत कसं आलंय ते ती मधूनमधून ज्ञानूला दाखवी, आणि तो दर वेळी प्रथमच बघितल्यासारखा "आगं बया!" म्हणे. पसरणीचा घाट लागला तेव्हा ऊन होतंच. वर पोहोचेपर्यंत मात्र वाऱ्याची जात बदलली. घाम वाळला आणि अंगावर काटा आला. ज्ञानूला केवढा आनंद! "तानी, देवानं हितं पंखा लावलाय की!" असं म्हणून तो पठारावर हात पसरून उभा राहिला. आणि गवत खरंच गुडघाभर होतं. व्यापारी खोटं बोलला नव्हता.

तिथं जवळच एक म्हशी राखणारा गवळी धनगर राहत होता. दुसऱ्या दिवशी तो बघायला आला. मेंढरांच्या अंगावरून त्यानं हात फिरवला, आणि त्याचा चेहरा पडला. "कातरून आणलीत?" त्यानं विचारलं. "आमच्याकडं वळीव लागला की गारठा पडतो. कधी कधी गारा पडतात. खाली उतरा चार दिवस."

"वैशाकात गारठा?" तानाबाई हसली. तिला वाटलं, गवत आपल्याच म्हशींना राहावं म्हणून हा गडी भीती घालतोय. असं वाटणं साहजिक होतं. ज्या मुलखात वैशाखात दगडाला हात लावला तर फोड येतो, त्या मुलखातल्या माणसाला वैशाखातला गारठा कसा पटावा? ज्ञानूनं मात्र आभाळाकडं बघितलं. मग पोटभर चरणाऱ्या मेंढरांकडं बघितलं. तोही उतरला नाही.

वळीव आला तो भरदुपारी. आधी आभाळ काळं झालं, मग वारा पडला, मग पहिली गार ज्ञानूच्या पागोट्यावर पडली. तो हसून म्हणाला, "ही बग, बोराएवढी." पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. पठार बघता बघता पांढरं झालं. गारांमागून पाऊस आला आणि पावसामागून वारा सुटला. तो मात्र थांबेचना. वाऱ्याला आडवं यायला तिथं झाड नव्हतं, भिंत नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. लोकर असती तर मेंढरांनी असला वारा पाठीवर झेलून रवंथ केला असता. आता त्यांच्या उघड्या कातड्यावरून पाणी ओघळत होतं. ती एकमेकांच्या पोटाखाली शिरायला लागली, एकावर एक चढायला लागली, आणि खालची कोकरं दिसेनाशी झाली.

ज्ञानू ढिगात घुसून कोकरं बाहेर ओढत होता. त्याचं घोंगडं त्यानं कधीच चार कोकरांवर टाकलं होतं. बिऱ्हाडातली वाकळ टाकली, तट्टाच्या पाठीवरचं पोतं टाकलं, शेवटी अंगातली बंडी काढून एकाला गुंडाळली. पांघरूण संपलं. कोकरं संपत नव्हती. तशी तानाबाई धावत पालात गेली आणि जावळाचं पोतं घेऊन आली. अजून कातायची राहिलेली सगळी लोकर त्यात होती. मुठी भरभरून ती लोकर ती कोकरांच्या पाठीवर ठेवायला लागली. दाबून बसवायची, वर हात धरायची, हात उचलला की वारा घेऊन जायचा. पुन्हा मूठ, पुन्हा वारा. ती ओरडत होती, काय ओरडत होती ते तिलाही कळत नव्हतं. पोतं रिकामं झालं आणि पठारावर जिकडं तिकडं गारांत लोकरीचे पुंजके चिकटले. तेव्हा ती थांबली आणि मागं वळली. ज्ञानू उघड्या अंगानं, हातात एक मेलेलं कोकरू घेऊन, तिच्याकडं बघत उभा होता.

त्याची ती नजर तानाबाईनं जन्मभर वाचायचा प्रयत्न केला, आणि दर वेळी तिला त्यात एकच गोष्ट वाचता आली.

उजाडेपर्यंत कोकरं गेली. मोठ्या मेंढरांतली बरीचशी त्यांच्याबरोबर गेली, आणि उरलेली ठसकायला लागली ती घाट उतरेपर्यंत एकेक करत बसली. बसलेली मेंढी उठली नाही की ज्ञानू तिच्याजवळ जाई, तिच्या कानाला हात लावी, आणि पुढं चालायला लागे. अंबूच्या खुणेची कोणती आणि आपली कोणती हे बघायला तो कान धरत होता की नुसताच निरोप घेत होता, कोण जाणे. म्हशीवाल्या गवळ्यानं त्यांना आपल्या चुलीपाशी बसवलं, दूध पाजलं, एक शब्दानं बोल लावला नाही. परकी माणसं कधी कधी इतकी चांगली वागतात की त्यानं जास्तच रडू येतं.

वाडीत परतली तेव्हा बिऱ्हाडामागं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मेंढरं होती. कुत्र्यांच्या भुंकण्यावरून अंबू धावत बाहेर आली, थबकली, आणि वाटेकडं बघत राहिली, जणू मागून कळप यायचा राहिला आहे. तट्टावरचं ओझं उतरवायचं निमित्त करून तानाबाई आडोशाला उभी राहिली. ज्ञानू पुढं गेला, लेकीला उंबऱ्यात बसवलं, तिच्याशी हळू आवाजात बोलला. काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. अंबू घरात गेली आणि तोंड झाकून पडून राहिली एवढंच तिनं बघितलं. आपली चूक लेकीला कळली, असं समजून ती दोन दिवस पोरीच्या समोर गेली नाही. मग अंबूच तिच्याजवळ आली आणि तिच्या गळ्यात पडली. "आय, तू रडू नगं," म्हणाली. केवढ्या मनाची पोर! तानाबाईला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उरलेली मेंढरं अंबूबरोबर गेली. सासरच्यांनी पोरीला ठेवून घेतलं, पण बोलणी ऐकवायची ती ऐकवलीच. नांदायला आलेल्या सुनेमागं कळप यायचा होता, आणि आल्या चार ठसकणाऱ्या मेंढ्या. ते टोमणे अंबूच्या कपाळी बरीच वर्षं राहिले.

ज्ञानूची म्हातारी आई वारली आणि तो बायकोला घेऊन सोलापूरला आला. गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात लागला. ज्या माणसानं कधी छपराखाली दुपार काढली नव्हती, तो भोंग्याबरोबर आत जाई आणि भोंग्याबरोबर बाहेर येई. बाहेर येताना त्याच्या केसांत, भुवयांत, मिशांत पांढरा कापूस चिकटलेला असे. हसरा ज्ञानू कमी बोलायला लागला. मेंढरांचं तर नावच नाही. चाळीत कुणी बकरं आणलं तरी तो तोंड फिरवून जाई.

तानाबाईनं काय काय करून पाहिलं! मुद्दाम खारट कालवण केलं. तो खाऊन उठला. एकदा तिनं धीर करून सरळच विषय काढला, "अवं, त्या पठारावर..." तेवढ्यावरच तो म्हणाला, "भाकर वाड." तिनं वाढली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "मनात असंल ते बोलून टाका की एकदा. शिव्या द्या, मारा." तो उठला, पायताण घातलं आणि सिद्धेश्वराच्या तळ्याकडं निघून गेला. आला तो तिच्यासाठी पानाचा विडा घेऊन आला. रागावलेला माणूस विडा आणतो का? पण तानाबाईला एवढं कुठलं सुचायला. ज्याच्या मनात आपली चूक घर करून बसते त्याला समोरच्याचा विडाही टोचतो.

दर संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली की अंबू लेकरं घेऊन माहेरी येई. आली की आईच्या मागंमागं असे. आईचे पाय दाबी, आईच्या केसांना तेल लावी. बापाशी मात्र कामापुरतं बोले. तो घरात आला की ती बाहेर जाई. एका वर्षी ज्ञानूनं नातवाला जत्रेतली लाकडी गाडी आणली. अंबूनं ती पोराच्या हातातून काढून कोनाड्यात ठेवली, जाताना नेली नाही. "लेकी मोठ्या झाल्या की बापाला लाजत्यात," तानाबाई कमलम्माला म्हणाली. ज्ञानू कोनाड्याकडं बघत बसला होता.

गिरणीच्या कापसानं ज्ञानूची छाती भरली. एका उन्हाळ्यात तो अंथरुणाला खिळला. अंबूला निरोप धाडला, पण ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेवटच्या दिवशी तानाबाई त्याच्या उशाशी बसून होती. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "मी चुकले. आता तरी कायतरी बोला." त्यानं तिचा हात धरला. बोलायला त्याच्यात दम उरला नव्हता. तिला वाटलं, बोलायचंच नाही याला, मरतानासुद्धा नाही. आणि ती त्याच्यासाठी रडली त्यापेक्षा जास्त त्या न बोललेल्या शब्दासाठी रडली.

दहाव्याला तळ्याच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली येईना. जमलेले भाऊबंद चुळबुळायला लागले. माणसाचं काही मनात राहिलं असलं की कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत. कुणी म्हणालं, तानाबाईला आम्ही अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, बिरोबाला नारळ वाढवू. कावळा हलला नाही. तानाबाई मान खाली घालून बसली होती. काय राहिलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. आपलं पाप राहिलंय. पण चारचौघांत तोंड उघडेना.

तेवढ्यात अंबू पुढं झाली. पिंडासमोर बसली, हात जोडले, आणि तिला हुंदका फुटला.

"बा, मेंढरांचं मनात ठिवू नगंस. मी लई वर्सं राग धरला. तुज्याशी धड बोलले न्हाय. आता सोडला बग राग. तू जा सुकानं."

एक कावळा खाली उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, डोळे पुसले, आणि सामान आवरायला घेतलं. तानाबाई तशीच बसून राहिली.

"राग?" तिनं विचारलं. "बाच्यावर? कशापाई?"

"जाऊंदे की आता, आय."

"न्हाय. सांग."

अंबूनं पदरानं नाक पुसलं. "तू कातरू नगं म्हणत हुतीस. कोकरं लहान हायती, मुलूख ठावं न्हाय, म्हणत हुतीस. बानं तुजं आयकलं न्हाय. लोकर बाजारात न्ह्यायची घाई झालती त्याला. उंबऱ्यात बसून त्यानं सोता सांगितलं मला. तुज्या आयला यातलं कायबी इचारू नगं, म्हणाला, ती आदीच मेल्यावानी झालीया. माज्या सासरीबी येऊन त्यानंच सांगितलं समद्यास्नी. तवापास्नं..."

पुढचं तानाबाईला ऐकू आलं नाही. कोकरं लहान आहेत, मुलूख माहीत नाही. हे तिचे शब्द नव्हते. ते त्याचे होते. त्यानं आपले शब्द तिला दिले होते आणि तिचा हट्ट स्वतःकडं ठेवला होता. आणि दर संक्रांतीला लेक आली की तो गप्प बसून बघत राही, लेक कुणाच्या गळ्यात पडते आणि कुणाकडं पाठ फिरवते. एका शब्दानं त्याला लेक परत मिळाली असती. तो शब्द त्यानं शेवटपर्यंत काढला नाही.

"अंबे," ती म्हणाली. "त्यो नगं म्हणत हुता. मी कातराय लावली. तुज्या घोंगड्यापाई. मीच."

भाऊबंदांतल्या एका म्हातारीनं मान हलवली. "मालकाचं नाव राकतीया बाय. करावंच बाईनं." दुसरी म्हणाली, "दुक्कानं डोकं फिरतंय वो." अंबू आईजवळ सरकली, तिच्या खांद्याभोवती हात टाकला, लहान मुलाला समजवावं तसं तिला थोपटलं.

"आय, बा आता सुटला. तू कशाला त्याचं वझं डोस्क्यावर घेतीस? माज्याशी बा कवा खोटं बोललाय का?"

तानाबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. मग जमलेल्या एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. सगळ्या तोंडांवर तिच्यासाठी नुसती कीव होती. कुठंही रागाचं नाव नव्हतं. ती उठायला गेली तशी बायकांनी तिला पुन्हा खाली बसवलं.

"मी कातराय लावली," ती पुन्हा म्हणाली.

"व्हय, व्हय," अंबू म्हणाली, आणि तिनं पाण्याचा तांब्या आईच्या तोंडाला लावला.